नंबर वन देशातला माझा बेकार दादा

जगातला सगळ्यात आनंदी देश, फुकट शाळा, शाळेत फुकट जेवण आणि हरवलेलं पाकीट परत मिळण्याची जवळजवळ गॅरंटी! सगळं खरं आहे. पण मी फिनलंडला गेले होते ते वेगळ्याच कामासाठी...

शुक्रवारची संध्याकाळ. ठाण्यातला आमचा नेहमीचा कॅफे, कोपऱ्यातलं टेबल आणि नेहमीचीच पाच डोकी. कुणाचं अप्रेझल गंडलेलं, कुणी घोडबंदर रोडवर पावणेदोन तास काढून आलेलं, कुणाच्या सोसायटीत आठवडाभर टँकर चालू. अशा मूडमध्ये कॉफी यायच्या आधीच कुणीतरी तो प्रश्न टाकतं, ‘यार, जगात एक तरी धड देश आहे का?’

मग काय, टेबलावर थेट युनोची सभा भरते.

बँकेतल्या मित्राचं मत ठरलेलं, सिंगापूर. रस्ते चकाचक, मेट्रो सेकंदावर, लाच मागायची कुणाची टाप नाही. ‘आणि १९९२ पासून च्युइंगगम विकायला बंदी,’ आमची एचआरवाली म्हणाली. ‘सरकारविरुद्ध भाषण ठोकायचं तर ठरवून दिलेल्या एका पार्कात, तेही आधी नाव नोंदवून. चालेल तुला?’ त्याला चालेल. तसाही तो ऑफिसात तोंड उघडत नाहीच.

तिचा स्वतःचा देश स्वित्झर्लंड. हा सगळा यश चोप्रांचा प्रताप. त्या बर्फात शिफॉनच्या साडीवर नाचता येतही असेल, पण देशाच्या निवडणुकीत मत द्यायचा हक्क तिथल्या बायकांना मिळाला तो १९७१ साली! आपल्याकडच्या आज्या १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत रांगेत उभ्या होत्या. मग ट्रेकरबुवांनी भूतान काढलं. सकल राष्ट्रीय आनंद वगैरे. त्याच भूतानमधून नव्वदच्या दशकात एक लाखाच्या आसपास नेपाळी भाषिक लोकांना घरंदारं सोडून नेपाळमधल्या छावण्यांत जावं लागलं, हे त्याला कुणी ट्रेकवर सांगितलं नव्हतं. नॉर्वेवर फार वेळ गेला नाही. परसात तेलाची विहीर असली की कुणालाही सज्जन होता येतं.

माझी पाळी आली. मी म्हटलं, ‘फिनलंड.’

‘अरे हो, तुझा दादा तिथेच ना? लकी यार!’

मी हो म्हटलं आणि कॉफीत बुडाले. दादाची नोकरी ऑक्टोबर २०२५ मध्येच गेली होती. हे घरात मी, आई आणि वहिनी सोडून कुणालाच माहीत नव्हतं. साठवलेल्या पैशांतून मी डिसेंबरचं तिकीट काढलं होतं आणि आईने मला एकच काम दिलं होतं, ‘त्याला समजावून घरी घेऊन ये.’

साप खेळवणारा देश

फिनलंडशी आपल्या पिढीची ओळख सापाने करून दिली. बाबांचा नोकिया हातात घ्यायचा आणि त्या हिरवट स्क्रीनवर साप लांब करत बसायचं. मला कित्येक वर्षं नोकिया जपानी वाटायचं. ही कंपनी १८६५ साली कागदाच्या लगद्याची गिरणी म्हणून सुरू झाली, मग रबरी बूट, केबल, टीव्ही असं काय काय करत फोनपर्यंत आली. नोकिया हे मुळात एका गावाचं नाव आहे, हेही दादानेच सांगितलं.

पुढची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. आयफोन आला, अँड्रॉइड आला, आणि २०१४ पर्यंत फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टच्या घरात गेला. एका छोट्या देशाचा सगळ्यात कमावता मुलगा एकदम अंथरुणाला खिळावा, तसं झालं. सालो नावाच्या गावातला कारखाना २०१२ मध्ये बंद पडला. इकडे चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला २००६ मध्ये सुरू झालेला कारखानाही २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये थांबला. एके काळी आठ हजारांच्या आसपास माणसं होती तिथे, त्यात खेड्यापाड्यांतून आलेल्या तरुण मुली भरपूर.

कंपनी एकच, फोन एकच, कुलूपही सारखंच. पण कुलूप लागल्यावर दोन्हीकडे जे झालं, ते सारखं नव्हतं. श्रीपेरुंबुदूरच्या मुलींच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा एकरकमी चेक आला आणि विषय संपला. सालोतल्या माणसाचंही गाव उदास झालं, घरांच्या किमती पडल्या, पुढची नोकरी लगेच मिळाली नाही. पण पोरांची शाळा फुकट होती ती फुकटच राहिली. दवाखाना तोच राहिला. बेकारभत्ता सुरू झाला. इंजिनीअर मंडळींना कंपनीने नवा धंदा काढायला पैसे आणि ट्रेनिंग दिलं, त्यातून शेकडो छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. मोबाईल गेमच्या जगात हा देश आधीच शिरला होता. लोकलमध्ये आपण ज्या ‘अँग्री बर्ड्स’च्या आणि ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’च्या नादी लागलो, ते दोन्ही फिनलंडचेच.

म्हणून माझं मत फिनलंड. देश चांगला चालला असताना कुठलाही देश छानच दिसतो. मला बघायचं असतं ते नोकरी गेल्यावरच्या सोमवारी तो कसा दिसतो.

आणि हे मी पुस्तकात वाचून म्हणत नाहीये. आमचे आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप कधी संपलाच नाही. आजोबांची गिरणी पुन्हा सुरू झाली तेव्हा त्यांना आत घेतलं नाही. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत आजीने एकट्या राहणाऱ्या कामगारांची खानावळ चालवून चार पोरं शिकवली. आजोबा पुढची अकरा वर्षं जिन्यात बसून पेपर वाचायचे. आजी अजून सांगते, ‘ते घरात बसलेले नव्हते हो, ते जिन्यात बसलेले होते.’ नोकरी जाणं म्हणजे काय, याची आमच्या घरातली व्याख्या हा जिना आहे.

दुपारी सव्वातीनची रात्र

हेलसिंकीत उतरले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि बाहेर ठार अंधार! डिसेंबरअखेर तिथे सूर्य साडेनऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वातीनला ऑफिस बंद करून निघून जातो. मधले सहा तासही तो ‘वर्क फ्रॉम होम’ असल्यासारखाच, म्हणजे आहे म्हणतात पण दिसत नाही. सगळे जण डी व्हिटॅमिनच्या गोळ्या खातात. पहिले दोन दिवस मला सकाळी उठल्यावर कुणीतरी गेल्याचा फोन येणार आहे असंच वाटायचं.

दादा स्टेशनवर घ्यायला आला होता. बारीक झाला होता, पण हसत होता. ‘चल, तुला माझं ऑफिस दाखवतो,’ म्हणाला. मी चपापले. याने आईला खोटं सांगितलं की मला?

ऑफिस म्हणजे लायब्ररी! ओदी नावाची. देशाच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली म्हणून स्वतःलाच दिलेली भेट, डिसेंबर २०१८ मध्ये उघडली. लाकडी, लाटेसारखी इमारत, बरोबर संसदेच्या समोर. वरच्या मजल्यावर पुस्तकं, मधल्या मजल्यावर शिलाई मशिन, थ्रीडी प्रिंटर, गाणी रेकॉर्ड करायच्या खोल्या. एक आजोबा पडदे शिवत होते. त्यांच्या शेजारी दोन पोरं व्हिडिओ गेम खेळत होती आणि एक बाई बाबागाडी हलवत पेंगत होती. कुणी कार्ड विचारत नाही, ‘किती वेळ बसणार?’ विचारत नाही. बाल्कनीत उभं राहिलं की संसदेच्या पायऱ्या समोरासमोर. जनता आणि पुढारी एका उंचीवर दिसावेत म्हणून ती मुद्दाम तशी बांधली आहे, म्हणे. आपल्याकडे मंत्रालयासमोर उभं राहिलं की पहिल्यांदा पोलीस ‘काय काम आहे?’ विचारतो, हे आठवलंच.

दादा रोज सकाळी नऊला डबा घेऊन इथे येतो. खिडकीजवळची एक खुर्ची त्याने धरून ठेवली आहे. अर्ज करतो, मुलाखतींची तयारी करतो, फिनिश शिकतो.

‘घरी का नाही बसत?’

‘जिना नाहीये ना आमच्याकडे,’ तो म्हणाला.

पंधरा विभक्ती आणि एक भाची

फिनिश ही प्रकरणच आहे! आपल्याला शाळेत आठ विभक्ती पाठ करताना रडू यायचं, इथे पंधरा. पण दादा म्हणतो मराठी माणसाला ती इंग्रजीवाल्यांपेक्षा सोपी जाते. इंग्रज ‘घर’ आधी सोडून वेगळा शब्द शोधत बसतो, आपण नुसतं शेपूट जोडतो. तालो म्हणजे घर. तालोस्सा म्हणजे घरात. तालोस्ता म्हणजे घरातून. झालं की! त्याच्या वर्गातल्या शिक्षिकेला त्याने फळ्यावर देवनागरीत ‘घर, घरात, घरातून’ लिहून दाखवलं, तर बाई जाम खूश झाल्या.

घरातली खरी फिनिश मात्र माझी पाच वर्षांची भाची. ती बोलते आणि दादा-वहिनी एकमेकांकडे बघतात. बालवाडीत ती सकाळी जाते, उणे आठमध्ये बाहेर बर्फात लोळते, गरम जेवते, झोपते, पुन्हा बाहेर लोळते. अक्षरं? अजून काही घाई नाही. खरी शाळा सातव्या वर्षी. आपल्याकडे त्या वयात पोरांची दुसरी ट्यूशन सुरू झालेली असते. बालवाडीची फी घरातल्या कमाईवर ठरते, त्यामुळे दादाचा पगार थांबल्यावर तिथे कुणी डोळे वटारले नाहीत. वहिनीने नुसता फॉर्म भरून कळवलं, फी कमी झाली.

आता इथे मला जे सगळ्यात जास्त लागलं ते सांगते. आपण नेहमी म्हणतो ना, ‘त्यांना परवडतं हो, ते श्रीमंत आहेत’? साफ चूक. हे सगळं सुरू झालं तेव्हा ते कंगाल होते.

१८६६ ते ६८ च्या दुष्काळात या देशातली सुमारे आठ टक्के माणसं मेली. पाइनच्या सालीचं पीठ घालून भाकरी खायचे. सहाशे-सातशे वर्षं स्वीडनचे, मग १८०९ पासून रशियाचे. त्याच पारतंत्र्यात १९०६ साली सगळ्या बायकांना मत द्यायचा आणि निवडणूक लढवायचाही हक्क मिळाला. पुढच्याच वर्षी १९ बायका निवडून आल्या, जगातल्या पहिल्या महिला खासदार. १९१७ ला स्वतंत्र झाले, आणि वर्ष उलटायच्या आत भाऊ भावावर उठला. १९१८ च्या यादवीत ३६ हजारांहून जास्त मेले, कित्येक तर नंतरच्या कैद्यांच्या छावण्यांत उपाशी. म्हणजे हे काही जन्मजात संत नव्हेत.

१९३० च्या दशकात जन्मलेल्या हजार बाळांतली साठहून जास्त पहिल्या वर्षात दगावायची. १९३८ पासून सरकारने गरीब आयांना एक खोका द्यायला सुरुवात केली. त्यात कपडे, दुपटी, गादी, आणि तो खोकाच बाळाचा पाळणा! १९४९ पासून तो सगळ्यांना. अट एकच, गरोदरपणात वेळेवर दवाखान्यात जाऊन तपासून घ्यायचं. दादाकडे असाच एक जुना खोका माळ्यावर आहे, त्यात आता दिवाळीचे आकाशकंदील ठेवलेत. आता हजारातली दोनच्या आसपास बाळं दगावतात.

आणि शाळेतलं फुकट जेवण? त्याचा कायदा १९४३ चा. रशियाशी युद्ध चालू असताना! १९४८ पासून प्रत्येक मुलाला.

कराडचा पैलवान आणि शेवटचा हप्ता

एका रविवारी दादाने मला ऑलिंपिक स्टेडियमला नेलं. पांढरा उंच मनोरा, खाली बर्फ, आणि आम्ही दोघं मूर्खासारखे फोटो काढतोय. कारण? खाशाबा जाधव! कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीतलं ब्राँझ घेऊन गेला. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्त्या खरं तर या स्टेडियममध्ये झालेल्या नाहीत, शेजारच्या मेस्सुहल्लीत झाल्या. ती इमारतही आहे, आता तिथे लोक बॅडमिंटन खेळतात. खाशाबांना तिथपर्यंत पोचवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. सरकारने नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तो खाशाबा गेल्यानंतर.

याच १९५२ साली फिनलंड काय करत होता? युद्धात हरल्याबद्दल सोव्हिएत रशियाला द्यायच्या नुकसानभरपाईचा शेवटचा हप्ता. जहाजं, यंत्रं, केबल अशा मालाच्या रूपाने, आगगाड्या भरभरून. वर रशियाकडे गेलेल्या कारेलियातून आलेल्या चार लाखांहून जास्त माणसांना जमिनी आणि घरं देणंही चालूच. एवढ्यात ऑलिंपिकही भरवून घेतलं.

त्या थंडीत उभं राहून दादा म्हणाला, ‘आपले पण पाच वर्षांपूर्वी स्वतंत्र झाले होते आणि निर्वासित आपल्याकडे पण होते. फरक कुठे पडला सांग.’ मला सांगता आलं नाही. लोकसंख्या, हवामान, जात, इंग्रज... सगळी उत्तरं येतात मला. पण त्या वेळी डोक्यात फक्त आजीची खानावळ होती. आमच्या घरात चारही पोरं शिकली, पण एका बाईच्या कंबरेच्या जोरावर. इकडे तेच काम कायदा करत होता.

आनंदी म्हणजे नक्की काय?

आता ती प्रसिद्ध यादी. २०१८ ते २०२५, सलग आठ वर्षं जागतिक आनंद अहवालात फिनलंड पहिला. २०२५ च्या यादीत आपण १४७ देशांत ११८ वे. पण लोकांना नेमकं काय विचारतात, हे माहितीये? ‘आनंदी आहात का?’ हा प्रश्न त्या क्रमवारीत नाहीच! एक शिडी डोळ्यांसमोर आणा, वरची पायरी म्हणजे तुम्हाला शक्य असलेलं सगळ्यात चांगलं आयुष्य, खालची म्हणजे सगळ्यात वाईट. तुम्ही शून्य ते दहामध्ये कुठे? फिनलंडची सरासरी ७.७४.

म्हणून तिथे रस्त्यात कुणी हसत नाही. बसस्टॉपवर माणसं दोन-दोन मीटर लांब उभी राहतात, लिफ्टमध्ये बोलणं म्हणजे गुन्हा. दादाचा शेजारी तीन वर्षांत पहिल्यांदा बोलला तो दादाची नोकरी गेल्याचं कळल्यावर. दार वाजवलं, ताज्या माशाचा एक डबा दिला, ‘सॉरी’ म्हणाला आणि गेला. याला आनंद म्हणायचं का? धास्ती नसणं म्हणूया फार तर. १९९० च्या सुमारास आत्महत्यांचं प्रमाण शिखरावर होतं, आता ते जवळजवळ निम्म्यावर आलंय. तेही लपवून नाही, राष्ट्रीय कार्यक्रम राबवून.

विश्वासाचं म्हणाल, तर २०१३ मध्ये ‘रीडर्स डायजेस्ट’ने १६ शहरांत प्रत्येकी १२ पाकिटं मुद्दाम टाकली. हेलसिंकीत ११ परत आली. दुसरा नंबर कुणाचा? मुंबईचा! ९ पाकिटं. तेव्हा उगाच स्वतःला शिव्या घालायचं कारण नाही. आपल्याकडे माणसं चांगली आहेतच, घोळ त्यांच्यामध्ये जी यंत्रणा असते तिथे आहे.

दंडाचा फंडा तर मला फार आवडला. मोठ्या वेगाला दंड कमाईच्या हिशोबाने, १९२१ पासूनची पद्धत. २०२३ मध्ये एका धनाढ्य उद्योगपतीला पन्नासच्या रस्त्यावर ८२ ने गाडी हाकल्याबद्दल १ लाख २१ हजार युरो पडले. ‘बापाला ओळखतोस का माझ्या?’ या वाक्याचा दर तिथे बापाच्या पगारावरच ठरतो. शिवाय दर नोव्हेंबरमध्ये कुणी किती कमावलं आणि किती टॅक्स भरला हे जाहीर होतं. त्या दिवसाला लोक मत्सर दिन म्हणतात.

पण...

पण आहेच. शाळांचा डंका पिटला जातो, त्या मुलांचे पिसा परीक्षेत गणिताचे गुण २००६ मध्ये ५४८ होते, २०२२ मध्ये ४८४. बेघरांना अटी न घालता आधी घर द्यायचं, या २००८ पासूनच्या धोरणाने बेघरांची संख्या २०२३ पर्यंत साडेतीन हजारांच्या खाली आली होती, २०२४ मध्ये ती बऱ्याच वर्षांनी पुन्हा वाढली. २०२३ मध्ये आलेल्या सरकारने भत्त्यांना कात्री लावली. बेकारी २०२५ मध्ये दहा टक्क्यांच्या आसपास गेली. रशियाची १,३४० किलोमीटरची सीमा उशाशी असल्याने २०२३ मध्ये नाटोत शिरले. आणि युरोपियन युनियनच्या संस्थेने २०१८ मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना विचारलं, गेल्या पाच वर्षांत वंशावरून त्रास झाला का? पाहणी केलेल्या देशांत फिनलंडचा आकडा सगळ्यात वरचा होता, ६३ टक्के.

दादाला कुणी शिव्या दिलेल्या नाहीत. त्याच्या वाट्याला वेगळंच आलं.

तो २०२२ च्या ऑगस्टमध्ये गेला तेव्हा पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता यायचा. त्याने फ्रीजवर कॅलेंडर लावलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचाची आठ झाली. फिनिश लाइनच सरकवली की हो! मग जून २०२५ पासून आणखी एक नियम आला. कामाच्या परवान्यावर आलेल्याची नोकरी गेली तर तीन महिन्यांत दुसरी शोधायची. स्पेशालिस्ट मंडळींना आणि दोन वर्षांहून जास्त राहिलेल्यांना सहा. नाही मिळाली तर परवाना काढून घेऊ शकतात. वहिनीचा आणि भाचीचा परवाना दादाच्या परवान्याला बांधलेला.

यातली गंमत बघा. दादा तिथल्या बेकारी निधीचा सभासद होता, दरमहा वर्गणी भरत होता. त्यामुळे त्याला पगाराच्या हिशोबातला भत्ता मिळतो, नियमाप्रमाणे तीनशे दिवस तरी. भत्त्याचे दिवस आठवड्याला पाचच मोजतात, म्हणजे पडलास तर जवळजवळ चौदा महिने झेलू, असं एक ऑफिस म्हणतंय. आणि दुसरं ऑफिस म्हणतंय, पण सहा महिन्यांनी जाळीतून उतर. दोन्ही ऑफिसं सौजन्याने बोलतात, दोघांचीही पत्रं वेळेवर येतात.

मला राग आला. मी चिडून म्हटलं, ‘कसला रे आदर्श देश? घरच्यांसाठी वेगळा, पाहुण्यांसाठी वेगळा!’

दादा शांत. ‘मुंबईत बिहारचा टॅक्सीवाला असाच विचार करत असेल,’ म्हणाला. ‘आपण किती वेळा विचारलं त्याला?’

मी गप्प. कारण कॉलेजात असताना परप्रांतीयांवर तावातावाने बोलणाऱ्यांत मीही होते.

आईचा निरोप

निघायच्या आदल्या रात्री मी विषय काढला. आईचं म्हणणं सांगितलं. पुण्यात त्याला महिन्याभरात नोकरी मिळेल, ठाण्याचा फ्लॅट आहे, भाचीला आजी मिळेल, आणि मुख्य म्हणजे कुणाच्या नियमाची तलवार डोक्यावर नाही. सगळं पटण्यासारखं होतं. मला स्वतःलाही पटत होतं. मीही फ्रीलान्सर, माझा ना पीएफ ना मेडिक्लेम. दोन मासिकांनी मानधन थकवलं की माझाही जिना सुरू होतो. पण तो जिना आपल्या भाषेत तरी आहे. तिथे मी मराठी लिहून काय विकणार?

दादा भांडी घासत ऐकत होता. मग त्याने विचारलं, ‘संप फसल्यावर आजोबा गावाला का नाही गेले? गिरणगावातले अर्धे लोक कोकणात परतले ना.’

हे मला माहीत होतं. आजीने हजारदा सांगितलंय. आजोबा निघाले होते, ट्रंक भरली होती. आजी नाही म्हणाली. पोरांची शाळा इथे होती.

‘मग?’ दादा म्हणाला आणि पातेलं पालथं घातलं.

मी आईला काय सांगायचं याची तालीम विमानात केली, पण ठाण्याला पोचेपर्यंत सगळी विसरले. आईने दार उघडताच विचारलं, ‘काय म्हणतो?’ मी म्हटलं, ‘भांडी स्वच्छ घासतो.’

हे लिहितेय तेव्हा चार महिने होऊन गेलेत. त्रेसष्ट अर्ज, सात मुलाखती. एक कंपनी तिसऱ्या फेरीपर्यंत आली आहे, तिथे फिनिशमध्येही बोलावं लागणार, म्हणून दादा रोज रात्री भाचीची शिकवणी लावून बसतो. ती त्याचे उच्चार सुधारते आणि चुकला की अंगठे धरायला लावते. ही शिक्षा तिला तिथल्या कुठल्याही शाळेने शिकवलेली नाही, हा आईचा वारसा.

परवा रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने आजीला चित्र दाखवलं. लाल घर, भरपूर बर्फ, चार माणसं.

‘चौथं कोण गं?’ आईने विचारलं.

‘तू. आपण सगळे तालोत आहोत.’

‘कुठे?’

‘तालोत,’ ती वैतागून म्हणाली. ‘बाहेर थंडी आहे ना, आज्जी!’